तीन उत्तरांवरची एकच सही

एकाच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं तुमच्या हाती लागली, तिन्ही कागदांवर एकाच माणसाची सही असली आणि त्याच माणसाला मालकाच्या जीपमधून उतरताना तुम्ही आठवडाभर पाहिलं असलं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

मी 'विकलेला माणूस' म्हटलं. तोंडानं नाही, छापून. एकोणीस वर्षांची होते, जालन्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. पाचशे प्रती काढल्या आणि स्टँडवर, धान्याच्या मोंढ्यात, कॉलेजच्या फाटकावर स्वतःच्या हातानं वाटायला निघाले. त्या पत्रकातला माणूस आम्हाला गणित शिकवायचा.

आधी माझं सांगते, म्हणजे चूक कुठून आली ते कळेल. वडील बियाण्यांच्या गोदामांतल्या हमालांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात वर्तमानपत्र कधीमधी यायचं, पत्रक रोज. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, डब्यात पोळीखाली पत्रक, उंदराच्या बिळात बोळा करून कोंबलेलं तेही पत्रकच. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. पत्रकाची एक शिस्त असते. आरोप वर, ठळक अक्षरात. पुरावा खाली, बारीक. आणि मागची बाजू कोरी. ती कोरी का सोडतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता सर.

सर अंबडकडच्या शेतकरी घरातले. चाल घाईची, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी प्लास्टिकच्या नळीत घातलेला काचेचा थर्मामीटर. चहा आला की आधी थर्मामीटर कपात, मग कप ओठाला. कॉलेजसमोरचा टपरीवाला चिडायचा.

"सर, इख घातलंय का मी चहात?"

"तसं न्हाई. तू म्हणतो कडक गरम, हा म्हणतो कोमट. तुमच्यातला एक जण खोटं बोलून राह्यला."

हजेरी वरून खाली घ्यायचे, मग खालून वर. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच पेनाला टोपण लावायचे. साखर एका दुकानातून घेऊन दुसऱ्या दुकानात तोलून बघायचे. कॉलेजच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता आणि स्वतःच्या घड्याळावरही नव्हता. दोन्हींच्या मधली वेळ धरून वर्गात यायचे, त्यामुळे कायम दोन मिनिटं उशीर.

मुलं त्यांना जाळीवाले सर म्हणायची. कारण कॉलेजनं फायनाईट एलिमेंटचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा त्याच्यापाशी टिकून बसणारे ते एकटेच होते. त्यात कुठलीही वस्तू, मग ती भिंत असो की धरण, बारीक त्रिकोणांच्या जाळीत कापायची आणि समीकरणं त्रिकोणात्रिकोणानं सोडवायची. बाकीच्या प्राध्यापकांनी त्यातली लाल-पिवळी चित्रं रंगीत छापून केबिनमध्ये लावली. सर काळ्या-पांढऱ्यात छापत. "रंग दुकानदाराला लागतात," म्हणायचे. "मला आकडा द्या."

आणि त्या आकड्यावरही त्यांचा विश्वास नसे. "यंत्र खोटंच बोलतं. एक मोठं खोटं बोलण्याऐवजी बारीक बारीक हजार खोटी बोलतं, एवढंच. जाळी जितकी बारीक, तितकं खोटं लहान." मग ते जाळी आणखी बारीक करून तोच प्रश्न पुन्हा सोडवत. उत्तर बदललं की आणखी बारीक. वर्गात, जिन्यात, टपरीवर, कुणी कशाबद्दलही छातीठोक बोललं की त्यांचा एकच प्रश्न यायचा: "उत्तर हलायचं थांबलं का?" कुणाचं लग्न ठरलं तरी हेच. मी हे वाक्य वहीत उतरवून ठेवलं होतं. विनोद म्हणून.

आणखी दोन सवयी सांगायला हव्यात, कारण दोन्ही पुढं आमच्या अंगावर आल्या. पहिली अशी, की यंत्र सुरू करण्याआधी ते उत्तराचा स्वतःचा अंदाज चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत टाकत. "यंत्राचं ऐकून माझं मत बनायला नको." आणि दुसरी, निघालेला एकही कागद ते फेकत नसत. चुकलेल्या उत्तरावरही सही करून ठेवत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चुकीचं उत्तर फेकलं की बराबर उत्तराला साक्षीदार राहत न्हाई."

शिकवायचे मात्र असं की विसरणं अवघड. भोकरदनहून रोज एसटीनं येणाऱ्या एका मुलीला एकदा उभं केलं.

"आज गाडीची किती वाट बघितली?"

"दीड तास, सर. उन्हात."

"या घडीला तुझ्या डोक्यावर किती ऊन पडून राह्यलं, ते एक समीकरण. डिफरन्शियल. त्याला फक्त आत्ताचं कळतं आणि शेजारचं कळतं. दीड तासात सगळं मिळून किती पडलं, ते दुसरं. इंटिग्रल. त्याला मागचं सगळं पाठ असतं. डोकं कशानं दुखतं?"

"दुसऱ्यानं."

"बराबर. आणि डोकं दुखायला लागलं की तू सावलीत जाती का?"

"न्हाई सर. कंट्रोलरशी भांडते."

वर्ग हसला. सर नाही हसले. "मंग आणखी तापती. म्हणजे पहिलं दुसऱ्याला बिघडवतं आणि दुसरं पहिल्याला. असल्या जोडीला वेगवेगळं सोडवलं की दोन्ही चुकतात. एका दावणीला बांधून एकदम सोडवावं लागतं."

हीच जोडी त्यांना गोदामात सापडली.

जालना बियाण्यांचं गाव. तिथल्या एका मालकाच्या पत्र्याच्या गोदामात सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली असे. मालकाचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण मालक स्वतः आमच्यापेक्षा जास्त जालन्याचा. आदल्या वर्षी त्याचं बियाणं नीट उगवलं नाही अशी ओरड झाली होती. नियम असा की शंभर दाण्यांतले निदान सत्तर उगवले पाहिजेत, नाहीतर ते बियाणं म्हणून विकायचं नाही. मालकानं सरांना विचारलं की उन्हाळा सोसून पेरणीपर्यंत माझ्या थप्पीतलं किती जिवंत राहील, ते सांगा.

सोयाबीनचा दाणा नाजूक. तो पोत्यातही श्वास घेतो आणि श्वासानं तापतो. आत्ता किती तापलाय यावर तो मरत नाही. आला त्या दिवसापासून किती ऊन खाल्लंय, ते सगळं तो धरून ठेवतो. आणि खचलेला दाणा जास्त तापतो, शेजाऱ्यालाही तापवतो. दीड तास उन्हात उभ्या राहिलेल्या मुलीचंच गणित, फक्त हजारो पोत्यांचं. हे मला आज कळतं. तेव्हा मला दिसत होती ती फक्त जीप.

एप्रिलमध्ये शेषराव काका घरी आले. वडिलांच्या संघटनेतले जुने हमाल.

"पोरी, तुमचे ते सर गोदामात येऊन राह्यले. आमच्या पाठी मोजून राह्यले."

"पाठी?"

"इचारतेत, वरून कितव्या पोत्यापर्यंत पाठीला चटका बसतो. मी म्हणलं, पाचव्या. लिहून घेतलं. मंग दुसऱ्या हमालाला बाजूला नेलं आन् त्याला बी तेच इचारलं."

वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पाठी मोजतोय म्हणजे ओझं वाढवायचा इचार हाये मालकाचा. नजर ठेव."

मी नजर ठेवली. मालकाची जीप सरांना सोडायला यायची. मालकाच्या ऑफिसातून सरांना चहा जायचा. थर्मामीटर त्या चहातही जात असणार, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही. संशयाला जे हवं असतं तेवढंच त्याला दिसतं, हे मी आज लिहिते. तेव्हा मी त्याला जागरूकता म्हणत होते.

जूनच्या तोंडावर एका दुपारी जर्नल द्यायला प्रयोगशाळेत गेले. वीज गेली होती, सर बाहेर गेले होते. टेबलावर तीन कागद. तिन्हींवर एकच ओळ: 'वरचे पाच थर, शंभरातले उगवणारे.' पहिल्यावर अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्यावर सहासष्ट. तिसऱ्यावर बासष्ट. तिन्हींखाली सरांची सही. कोपऱ्यात वेगवेगळे आकडे: ४१२, १६४८, ६५९२. मी हातावर पेनानं सगळं उतरवून घेतलं. मालकाला पास करणारा एक कागद, आणि लपवून ठेवलेले दोन. कोपऱ्यातले आकडे म्हणजे तीन फायलींचे नंबर. यात विचार करण्यासारखं काय होतं?

वडिलांनी विचारलं, "तपासलंस का?"

"डोळ्यांनी पाहिलंय, बाबा."

"मंग छाप."

पत्रकाचा मथळा होता 'एक गोदाम, तीन उत्तरं!' खाली: 'मालकाला अठ्ठ्याहत्तर, तपासनिसाला सहासष्ट, स्वतःच्या मनाला बासष्ट! या तीन फायली कुणाच्या?' वाक्य चांगलं होतं. आजही चांगलं वाटतं, आणि म्हणूनच मला चांगल्या वाक्यांची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी हमालांना वाटायला गोदामावर गेले. फाटकात बियाणं न्यायला ट्रक उभे होते. पहिला शहागडकडे जाणारा. मालकाच्या हातात माझं पत्रक होतं. समोर सर, त्या दिवशी पायी आलेले.

"सर, मी एक उत्तर मागितलं होतं. तुमच्याकडं तीन हायेत म्हणे."

"चार होतील," सर म्हणाले. "चौथं चालू हाये. वीज टिकली तर परवा."

"परवा? गाड्या उभ्या हायेत माझ्या. पाऊस काय तुमच्या यंत्राला विचारून येतो?"

"तिसरं अजून हलून राह्यलं. थांबल्याबिगर मी अहवाल देत नसतो."

मालकानं पत्रकावर बोट ठेवलं. "या अठ्ठ्याहत्तरच्या कागदावर सही तुमचीच ना?"

"माझीच. ते चूक हाये. जाळी जाड होती, पत्र्याखालची आग तिच्यातून निसटली. चुकीवर पण सही माझीच असती."

मालकानं वर पत्र्याकडे बघितलं, मग उभ्या ट्रककडे. तो लबाड होता का? मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला वाट मिळाली आणि तो त्या वाटेनं गेला. "मंग मी सहीवालं धरतो. पहिलं. आणि हे मी न्हाई म्हणत, तुमच्याच पोरीनं छापलंय." मग वळून ओरडला, "चला, भरा जल्दी!"

थप्पी वरूनच उतरवतात. म्हणजे पत्र्याखालचे पाच थर सगळ्यात आधी ट्रकमध्ये. शेषराव काकांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि दात आवळले. चटका.

सर माझ्याजवळ आले. आवाज वर्गातल्यासारखाच.

"कोपऱ्यातला आकडा काय समजलीस?"

"फाईल नंबर."

"त्रिकोण हायेत ते. चारशे बारा. मंग प्रत्येकाचे चार केले. मंग परत प्रत्येकाचे चार."

चारशे बारा चोक सोळाशे अठ्ठेचाळीस. मी तिथंच उभ्या उभ्या मनात गुणाकार केला. जुळला. तो करायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी आदल्या दिवशी दिला असता, तर पत्रक निघालं नसतं.

पण मी माझ्या बापाची लेक. मान खाली घालण्याआधी मला राग आला, आणि तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. "सर, सहासष्ट आलं तेव्हाच ते सत्तरच्या खाली गेलं होतं. तेव्हाच का नाही सांगितलं मालकाला?"

"हलत होतं."

"खालीच जात होतं ना?"

त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, चिठ्ठी उघडून माझ्या हातात दिली. त्यांच्याच अक्षरात, यंत्र सुरू करण्याआधीच्या तारखेची. 'साठ.'

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं!"

"अंदाज होता. अंदाजावर कुणाचं बियाणं कसं थांबवू?"

ट्रक निघाला. आम्ही दोघांनी मिळून तो बाहेर काढला होता, मी घाईनं आणि त्यांनी उशिरानं. त्यातल्या काही पिशव्या माझ्या मावशीच्या शेतात जाणार होत्या. मावशी शहागडजवळच्या खेड्यात एकटीनं चार एकर करायची, आणि दरवर्षी याच गोदामाचं बियाणं घ्यायची.

सरांनी ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "पत्रकं किती उरली?"

"दोनशे असतील."

"मागची बाजू कोरी हाये का?"

त्या दोनशे पत्रकांच्या मागं वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात त्याच दिवशी छापून घेतलं. मजकूर सरांचा: शंभर दाणे न निवडता मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सहाव्या दिवशी मोजा. सत्तरच्या खाली आले तर हे बियाणं पेरू नका. समीकरण नाही, सॉफ्टवेअर नाही. मी म्हटलं, "सर, एवढंच करायचं होतं तर जाळी कशाला?" म्हणाले, "गोणपाट पेरायच्या आधी सांगतं. जाळीनं थप्पी लावायच्या आधी सांगायला पायजे होतं. मी उशिरा सुरू केलं, माझी चूक." आणि मला खात्री आहे की त्यांनी त्या चुकीवरही कुठंतरी सही करून ठेवली असणार.

आम्ही एसटीनं ट्रकच्या मागं निघालो. शहागडला हायवेवर उतरलो, दुकानादुकानांतून कागद दिले, मग चालत मावशीकडं. तिच्याकडं माझ्या पत्रकाची आधीची प्रत पोचलेली होती. तिनं नवी घेतली, पुढून वाचली, उलटून वाचली, मग सरांना खालून वर बघितलं.

"हेच का ते?"

"हेच," मी म्हटलं.

"बाई गं. पुढल्या बाजूला चोर आन् मागल्या बाजूला डॉक्टर. मी कोणती बाजू खरी धरू?"

"कोणतीच धरू नका, ताई," सर म्हणाले. "दाणे मोजा."

मावशीनं तिथंच पिशवी उघडली. दाणे मोजताना तिनं सरांना हात लावू दिला नाही, मलाही नाही. सरांना ते फार आवडलं.

सहाव्या दिवशी आम्ही परत गेलो. गोणपाट उलगडलं. मावशीनं मोजले, मी मोजले, सरांनी मोजले. एकसष्ट. आणि त्याच सकाळी कॉलेजातल्या यंत्रानं, वीज जात-येत, चौथं उत्तर पुरं केलं होतं. सरांच्या खिशात तो कागद होता. एकसष्ट. मी आनंदानं ओरडलेच. "सर, जुळलं! थांबलं हलायचं!"

सरांचा चेहरा पडला. "इतकं बराबर जुळतं म्हणजे कुठंतरी घोटाळा हाये. परत लावा."

"अहो, पाऊस येऊन राह्यला!" मावशी म्हणाली.

"दुसऱ्या पिशवीतले लावा. पेरू नका तवर."

दुसऱ्या पिशवीचे चौसष्ट आले. तेव्हा कुठं सर निवांत झाले. "हां. आता खरं वाटतं." मावशीनं दोन्ही पिशव्या दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन टाकल्या, वर गोणपाट पसरून दाखवलं, आणि शेजारणीकडचं घरचं बियाणं आणून पेरलं. ते उगवलं.

सगळ्यांचं उगवलं नाही. मी वाटलेल्या पहिल्या तीनशे प्रतींची मागची बाजू कोरीच होती. ज्यांच्या हाती त्या पडल्या त्यांनी चोर कोण ते वाचलं, दाणे कसे मोजायचे ते नाही. त्या जुलैत एसटीनं अंबडकडं जाताना खिडकीतून टक्कल पडल्यासारखी शेतं दिसायची. मी दुसऱ्या बाजूला बसायला लागले. तिकडंही होती.

कॉलेजनं सरांची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. त्यांच्या फायलीत माझं पत्रक लावलेलं होतं, पुढची बाजू वर. मी प्राचार्यांना भेटले, चूक माझी आहे म्हणाले. त्यांनी विचारलं, "मग तीन उत्तरं होती की नव्हती?" होती. त्यांना तेवढंच हवं होतं.

सरांना शेवटचं स्टँडवर पाहिलं. एक ट्रंक, आणि सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, मग रिकाम्या बाकावर थर्मामीटर ठेवून बघितला आणि मला बसायला सावलीतली बाजू दिली.

"लिहिलंस वाईट न्हाई," म्हणाले. "जाळी जाड होती तुझी."

ते कुठं गेले मला माहीत नाही. मी अजूनही पत्रकं लिहिते. प्रत्येक आरोप आधी छोट्या तुकड्यांत कापते आणि एकेक तुकडा शेजाऱ्याला विचारते. पुष्कळदा उत्तर हलतं. आणि हलायचं थांबण्याची वाट बघताना कुणाचा तरी ट्रक निघून जाईल, हीही भीती आता कायमची आहे. म्हणून जेवढं कळलंय तेवढं सांगते, आणि अजून हलतंय हेही त्यासोबतच सांगते. सरांना जमलं नाही ते एवढंच होतं.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. घरात जुन्या कागदांत 'एक गोदाम, तीन उत्तरं!' असं ठळक छापलेलं पत्रक सापडलं, तर फाडू नका. उलटून बघा. मागची बाजू कोरी असली तर तिथं स्वतःच्या हातानं लिहा: शंभर दाणे, ओलं गोणपाट, सावली, सहा दिवस, सत्तरच्या खाली आले तर पेरू नका, आणि एकदा मोजून विश्वास ठेवू नका. पेरणीआधी तसं करा आणि तो कागद शेजारच्या घरी द्या. पुढच्या बाजूच्या चुकीवर सही माझी आहे. मागच्या बाजूवर तुमची करा.